मधल्या बैठकीचा हरवलेला वारा

"मी चाललो घरी! इथे आणखी बसलो तर शिजेन!" आजोबांनी बुद्धिबळाचा पट गुंडाळला.

"हरत होतास, म्हणून उठलास!" घड्याळजी म्हणाले. पण घाम पुसत तेही उठलेच.

चिमणीने कपाळावर हात मारला. वरच्या गल्लीतले तिचे आजोबा आणि खालच्या गल्लीतले घड्याळजी लहानपणापासूनचे दोस्त. पण दोघांचेही गुडघे संपावर! आजोबांना पूर्ण जिना उतरवत नसे, घड्याळजींना चढवत नसे. दोन गल्ल्या जोडणाऱ्या त्या लांबलचक दगडी जिन्याच्या मधोमध, एका बाजूला, ही छपराची जुनी बैठक होती म्हणून तर त्यांची गाठ पडायची. कडेने दगडी बाकं, मागच्या भिंतीला नक्षीदार दगडी जाळी. दोन्ही गल्ल्यांची भांडणं इथेच जुंपायची आणि इथेच मिटायची. पण मध्यंतरी तिची दुरुस्ती झाली, नवं लोखंडी दार बसलं आणि बैठक ओस पडली.

आता दोन्ही गल्ल्यांच्या मंडळाचे अध्यक्षकाका त्या दाराला कुलूप लावणार होते. आजच संध्याकाळी, भाषणासकट! "कुणी बसतच नाही तिथे. कुलूप लावलं की वास्तू कशी जशीच्या तशी राहील!" असं ते भेटेल त्याला सांगत सुटले होते.

"म्हणजे तुझे आजोबा वर, माझे खाली. संपला डाव!" जिराफ म्हणाला. हा घड्याळजींचा नातू. बसला तरी उभा वाटायचा.

"ताई, हे गोटे कशाला गं?" चिमणीच्या धाकट्या भावाने, बटणने, बाकावरचे गोल दगड खिशात कोंबत विचारलं.

"पेपर उडू नये म्हणून ठेव..." चिमणी एकदम थांबली. "अरे! पण आता पेपर उडतोय कुठे? इथला वारा गेला कुठे?"

"सुट्टीवर!" जिराफ म्हणाला.

"थट्टा पुरे! चला, मागून बघू!"

झुडपांतून घसरत, ओरखडे खात तिघं बैठकीमागे पोचली. तिथे तर असा वारा सुटला होता की बटणची टोपीच उडाली! चिमणीने जाळीच्या भोकातून काठी घातली.

टण्!

"पत्रा!" जिराफ किंचाळला. "अगं, हा तर काकांचा बोर्ड!"

खरंच की! दुरुस्तीनंतर लावलेला, आत बसल्यावर रोज दिसणारा तो भलामोठा बोर्ड नेमका जाळीवरच ठोकलेला होता. 'हा वारसा आपण जपू या.' आणि खाली, त्याच्या दुप्पट अक्षरांत, अध्यक्षकाकांचं नाव!

"वारसा जपायचा बोर्ड वारशाच्याच नाकातोंडावर!" चिमणी चिडली. "काढा म्हटलं तर ऐकतील ते?"

"छे! चिडतील फक्त."

"मग त्यांना आवडेल असंच बोलू या!"

संध्याकाळी दोन्ही गल्ल्या जिन्यावर जमल्या. काका कडक इस्त्रीच्या कोटात, एका हातात भाषण, दुसऱ्यात नारळाएवढं कुलूप! आजोबा गुंडाळलेला पट मांडीवर घेऊन एका पायरीवर बसले होते. त्यांचा चेहरा बघून चिमणीला रडूच यायला लागलं. ती तशीच पुढे सरकली.

"काका, एक शंका! कुलूप लावल्यावर बोर्ड आत कोंडला जाईल. मग तुमचं नाव वाचणार कोण?"

काकांचा चेहरा पडला.

"बाहेर लावला तर येता-जाता सगळ्यांना दिसेल!" जिराफने भर घातली.

"अरेच्चा! हे माझ्या कसं लक्षात आलं नाही? मिस्त्री, काढा तो बोर्ड! आत्ताच्या आत्ता!"

शेवटचा स्क्रू निघाला, बोर्ड खाली आला आणि जाळीतून वारा भसकन आत घुसला! काकांच्या हातातलं भाषण उडालं. अर्धं वरच्या गल्लीत, अर्धं खालच्या!

"अहाहा!" काका नकळत बाकावर टेकले. "काय गार वाटतंय! हा वारा आला कुठून?"

"इथेच होता, काका," बटण म्हणाला. "तुमच्या नावामागे!"

अख्खा जिना खदखदून हसला. काका आधी लाल झाले, मग तेही हसू लागले. तेवढ्यात माणसं आत शिरून जागा पकडायला लागलीसुद्धा!

"आम्ही नुसते घाम पुसत बसलो," आजोबांनी चिमणीच्या पाठीवर थाप मारली, "आणि पोरांनी डोकं चालवलं! शाब्बास!"

"पट मांड आधी! सकाळचा डाव राहिलाय!" घड्याळजी ओरडले.

शेजारी कुणाचा तरी पेपर फडफडू लागला. गोटे तर बटणच्या खिशात! अध्यक्षकाकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हातातलं नवंकोरं कुलूप अलगद पेपरवर ठेवलं.