बासवाल्याची गुणगुण

कॅनडातल्या लव्हालच्या आमच्या बेसमेंटमध्ये मी जुन्या ध्वनिफिती साफ करते. खरखर, खोकला, ग्लासांची किणकिण, नको ते सगळं बाजूला काढायचं, हेच माझं काम. या खेपेला मॉन्ट्रियलच्या एका क्लबातली साठ सालानंतरची मैफल आली होती. हार्ड बॉप, म्हणजे वाजवणाऱ्याला घाम फोडणारं जॅझ. त्यातला डबल बास वाजवणारा प्रत्येक सुराबरोबर घोगरं गुणगुणत होता. मी ती गुणगुण सफाईने उडवली आणि स्वतःवरच खूश झाले.

त्या मैफलीतले ड्रमवाले मस्यू लुसियाँ आता नव्वदीला टेकलेत. दुपारी नदीपलीकडच्या ब्रॉसार्डहून मुद्दाम ऐकायला आले. बर्फाचे बूट काढून बसले, डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "माझा भाऊ कुठाय?"

बासवाला त्यांचा धाकटा भाऊ. मैफलीनंतर वर्षभरात गेला. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

आमच्या भीमगीतांच्या कॅसेट साफ करताना मी श्रोत्यांमधला एकेक 'जय भीम' जपला होता, पेटीच्या भात्याचा आवाजसुद्धा. ती आपली माणसं. हा मात्र मला कचरा वाटला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कॉफी घेऊन आलेला माझा नवरा, योगेश, कानाशी पुटपुटला, "अगं, फाइल करप्ट झाली म्हण ना. सॉरी म्हण, मॅटर क्लोज."

"नाही रे, मीच डिलीट केलंय."

मी मूळ फीत लावली. तिच्यातही गुणगुण नव्हती. हे शक्यच नाही, तिला मी हातही लावला नव्हता.

काढलेला आवाज मी नेहमी वेगळा ठेवते. तो लावला.

गुणगुण आली. लुसियाँ हसले.

स्क्रीनवरची रेघ शेवटाला जाऊन थांबली. गुणगुण चालूच राहिली. मी स्पीकर बंद केला. तरी चालूच. फक्त लय सुटत चालली होती, अंधारात भिंत चाचपावी तशी.

"त्याला आमची साथ ऐकू येत नाही आता," लुसियाँ म्हणाले. "मैफल संपली हे त्याला कळणार कसं?"

योगेश जिन्याकडे सरकला.

लुसियाँनी टेबलावर बोटांनी ठेका धरला. गुणगुण सावरली.

मग त्यांचा हात थकला.

गुणगुण थांबली. खोलीत कुणीतरी श्वास रोखून धरला होता.

मला फार लाज वाटली. मी बोट टेबलावर टेकवलं, ठेका दिला.

तो पुन्हा सुरू झाला. जरा दबकत, नवख्या साथीदाराचा अंदाज घेत.