वर्षीतपाचं तेज

“दुर्बीण कशाला घालता, डॉक्टरसाहेब? पोटात काय निघेल ते मीच सांगते. आमच्या अख्ख्या घराचं धान्य!”

सासू लहरीबाई हे बोलल्या आणि चांदनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडात नळीसाठी प्लास्टिकचं बूच, घसा औषधाने बधिर... बोलायचं तरी कसं? आणि इतक्या वर्षांत तिने तोंड उघडलं होतं कधी? शहाद्याच्या या कापडवाल्यांच्या घरात ती आली तेव्हा चवळीची शेंग होती हो! आता शुगर, गुडघे, वजन... सुरतला वजन कमी करायचं ऑपरेशन ठरलेलं, आणि त्याआधी पोट आतून बघून घ्यावं म्हणून नंदुरबारला ही तपासणी. ती नीट निघाली नाही तर ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन नाही तर जन्मभर सासूच्या जिभेखाली राहायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

लहरीबाईंचं मात्र सगळं उलट. जैनांचं वर्षीतप चाललेलं, एक दिवस कडक उपवास, एक दिवस दोन वेळचं जेवण. वर्षभरात अंगाचं चिपाड झालं होतं. सारा समाज पाया पडायचा, तपाचं तेज आहे म्हणायचा. चांदनीही रोज पडायची.

नळी बाहेर आली. डॉक्टरांनी विचारलं, “पोटात आग कधीपासून होते?”

“खूप वर्षं... खाल्लं की शमते.”

“जुना अल्सर आहे. तो बरा होईपर्यंत ऑपरेशन नाही. कोणाला सांगितलं का नाही?”

“खाल्लं की बरं वाटतं, हे या अंगाने कोणत्या तोंडाने सांगू, सर?” चांदनीचा बांध फुटला. “आणि मी खाते तरी काय... ताटातलं टाकलं तर त्यात जीव पडतात, पाप लागतं. रात्री अन्न ठेवायचं नाही. उष्टं कोणाला द्यायचं नाही. मग दिवस मावळायच्या आत सगळ्यांची ताटं मीच संपवते. पोट कितीही भरलेलं असो... ताट धुऊन ते पाणीही पिते.”

तिचा नवरा रिषभ दाराशी थिजून उभा राहिला. रोज ताटात दोन घास सोडून उठणारा तोच होता.

लहरीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या मटकन स्टुलावर बसल्या. “ही रीत मीच लावली हिला. मला माझ्या सासूने लावली होती.” मग अगदी हळू म्हणाल्या, “आणि आग... ती मलाही आहे. आधी खाल्ल्यावर शमायची. आता पाणीही धड उतरत नाही. मला वाटलं, तपाने पोट आक्रसलं असेल.”

डॉक्टरांनी चमकून वर पाहिलं. “आज काही घेतलंय?”

“चौविहार उपवास आहे. पाण्याचा थेंबही नाही.”

“मग आत्ताच बघू.”

घसा बधिर करायचं औषध घेतलं तर उपवास मोडेल, म्हणून लहरीबाईंनी ते साफ नाकारलं. प्रिस्किला सिस्टरने परोपरीने समजावलं, पण बाई ऐकतील तर ना! तशीच नळी उतरली. चांदनीने आपला हात त्यांच्या हातात दिला. नखं मनगटात रुतली तरी तिने तो काढून घेतला नाही. डॉक्टर पडद्यावर पुन्हा पुन्हा एकच जागा न्याहाळत राहिले. त्यांनी आतला एक तुकडा काढून बाटलीत घातला आणि रिषभला बाजूला घेतलं.

“रिपोर्ट यायचाय, पण गाठ मोठी आहे. मला लक्षण ठीक दिसत नाही. सुरतला आधी आईंना न्या.”

ते चांदनीच्या कानावर पडलं आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. म्हणजे ते तेज... बाई डोळ्यांदेखत झिजत होती आणि आपण सगळे तिच्या पाया पडत बसलो!

“मम्मीजी...”

लहरीबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि सुनेला जवळ ओढलं. “उष्ट्याची मोरी केली गं मी तुझी, पोरी... माझी झाली होती, तरी मला कळलं नाही.”

चांदनी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडू लागली. सुनेच्या डोक्यावर हात ठेवून लहरीबाई रिषभशी ठामपणे बोलल्या.

“आपली ही बींदणी सकाळपासून उपाशी आहे. हिचा घसा मोकळा झाला की गरम जेवण आण. यापुढे रोज ती आधी जेवेल. आपण सगळे तिच्यामागून.”