सत्तावीस, अलकनंदा सोसायटी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. स्नेहलताबाई शिर्के यांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. उगाच काहीबाही सांगणाऱ्यातल्या त्या नाहीत.

तारीख सव्वीस डिसेंबर दोन हजार चार. रविवार. बडोद्यातलं गोरवा. सकाळचे सात वाजायला आले होते.

त्या एकट्याच राहत. धाकटा भाऊ उदयसिंह कार निकोबारला सरकारी नोकरीत होता. तिथल्याच रेबेकाशी त्यानं लग्न केलं, तेव्हापासून स्नेहलताबाईंनी बोलणं टाकलं होतं. भावाला मुलगी झाली, तिला त्यानं आईचं नाव ठेवलं, निरुपमा. पाच वर्षांची झाली तरी आत्यानं तिला पाहिलं नव्हतं.

त्या सकाळी त्यांनी चहा ठेवला, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं...

बाहेर एकही पाखरू ओरडत नव्हतं.

कुत्री गप्प. दूधवाल्याची घंटी नाही.

मग दार वाजलं. अगदी हलकं... आणि कडीच्या बरंच खाली.

"कोण?"



"कोण छे?" त्यांनी गुजरातीत विचारलं.

"सत्तावीस, अलकनंदा सोसायटी, गोरवा, बडोदे."

लहान मुलीचा आवाज. कविता म्हणावी तसा, एका दमात.

स्नेहलताबाई दारापर्यंत गेल्या. कडीला हात लावला... आणि तो तिथंच राहिला.

सोसायटीतली झाडून सगळी पोरं 'वडोदरा' म्हणत. 'बडोदे' म्हणायची ती त्यांची आई. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"सत्तावीस, अलकनंदा सोसायटी..."

या वेळी आवाज धापा टाकत होता.

"गोरवा..."

पुढचा शब्द आलाच नाही.

किती वेळ गेला, कुणास ठाऊक. चहा उतू जाऊन गॅस विझला, तेव्हा त्या भानावर आल्या. दार उघडलं.

कुणी नव्हतं.

समोरच्या कमलाबेन अंगण झाडत होत्या. "सवारथी हुं अहीं ज छुं, बेन," त्या म्हणाल्या. "कोई आव्युं नथी." सकाळपासून कुणी आलंच नव्हतं म्हणे.

पायपुसणं मात्र ओलं होतं. पिळून पाणी निघेल इतकं. आजूबाजूची फरशी कोरडी ठणठणीत.

दुपारी टीव्हीवर बातमी आली. समुद्राच्या तळाशी भूकंप. अंदमान-निकोबारवर लाटा. तळ सरकतो, वरचं सगळं पाणी उचललं जातं, हे त्यांनी फळ्यावर किती वेळा काढून दाखवलं होतं. खडूच्या त्या रेघेखाली माणसं असतात, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

फोन लागेना. नऊ दिवस लागला नाही.

दहाव्या दिवशी तिकडून आला.

"ताई, मी उदय. पोर्ट ब्लेअरच्या छावणीत आहे. रेबेका आहे बरोबर."

त्यांनी पुढचं विचारलं नाही.

"निरू सापडली नाही, ताई. पळताना हात सुटला."

मग त्यानंच विचारलं,

"तुझ्याकडे कुणाचा फोन आला का गं? चिठ्ठी? तिला तुझा पत्ता पाठ होता. मीच करून घेतला होता. हरवलीस तर हाच सांगायचा, म्हटलं. आमचं घर सरकारी, आज आहे उद्या नाही."

स्नेहलताबाईंनी दाराकडे पाहिलं.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "कुणी आलं नाही."

त्या सकाळबद्दल त्यांनी भावाला आजतागायत सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये त्यांनी दोघांना बोलावून घेतलं. भर दुपारी रिक्षा दारात थांबली. उदयसिंह बॅगा घेऊन आत आला. मागून रेबेका आली. तिला स्नेहलताबाई पहिल्यांदाच पाहत होत्या. जवळ घेतलं. मग दार लावायला त्या वळल्या.

"थांबा, ताई," रेबेका हळूच म्हणाली.

ती उंबऱ्याकडे बघत होती. बाहेर कुणीच नव्हतं. रेबेका एक पाऊल बाजूला सरली... दोघींच्या मधून कुणाला तरी वाट द्यावी तशी.

तिची नजर उंबऱ्यावरून हळूहळू आत सरकली.

"आता लावा."

स्नेहलताबाईंनी दार लावलं.

रेबेकानं त्या दिवशी काय पाहिलं, हे विचारायचा धीर त्यांना अजूनही झालेला नाही.