टोपलीतली साफ काच

"बाराच्या घंटेला पंच बसतात, आणि तू अजून जोडे शोधतेस?" मेनेगो दारातूनच बहिणीवर खेकसला.

ओर्सा अनवाणीच धावली. मागोमाग तिची मैत्रीण बेता, तोंडात पावाचा घास कोंबत.

व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या काचेच्या भट्ट्या उन्हाळी सुट्टीसाठी विझल्या होत्या. पण ओर्साच्या घरात कसली आलीय सुट्टी? तिच्या बाबांनी शेवटच्या दिवशी वितळवलेली काच साफ निघायच्या ऐवजी जांभळी निघाली होती. भट्टीचे मालक झोर्झी म्हणाले, "व्हेत्तोर, काळी पूड जास्त टाकलीस." चिमूटभर टाकली की काचेचा हिरवटपणा जातो, मूठभर टाकली की काच जांभळी होते, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आज पंचांनी दोषी धरलं तर बाबांना कुठल्याच भट्टीवर कुणी उभं करणार नव्हतं. तीन दिवस ते धड जेवलेही नव्हते.

"बाबांचा हात चुकत नाही," ओर्सा म्हणाली.

"मग काय पुडीला पाय फुटले?"

"तू भाऊ कुणाचा, माझा की मालकांचा?"

"भांडा नंतर, आधी काचेत काय पडलं ते बघू," बेता म्हणाली, आणि कुंपणाच्या फटीतून भट्टीच्या अंगणात शिरली.

वाळूसोबत वितळवायच्या फुटक्या काचा तिथे टोपल्यांत ठेवलेल्या असत. साफ काचेची टोपली शिगोशीग भरलेली होती. शेजारची, जांभळ्या काचेची, रिकामी.

"ए, ही साफ काच अशी काय दिसतेय?" बेता थबकली. "द्राक्षाच्या रसासारखी."

ओर्साने एक तुकडा उचलला. स्वच्छ. दुसराही स्वच्छ. तिसऱ्याने बोट कापलं, पण तिचं लक्षच नव्हतं. ती ढिगाकडे बघत होती.

"मेनेगो, उचल टोपली. पळ!"

घंटा वाजत असतानाच तिघं पंचांच्या दालनात घुसली. बाबा मान खाली घालून उभे होते.

"पोरांना बाहेर काढा," मालक म्हणाले.

"काढा, पण आधी एवढं सांगा," ओर्साने एक पातळ तुकडा त्यांच्यापुढे धरला. "ही काच कशी?"

"साफ."

"ही?"

"साफच. खेळ लावलायस का?"

ओर्सा प्रत्येक तुकडा खिडकीत एकावर एक रचत गेली. बारावा ठेवला, तेव्हा थोरले पंच बियाजिओ खुर्चीतून उठून जवळ आले. चळत सरळ जांभळी दिसत होती.

"पातळ तुकड्यात रंग कळत नाही, आजोबा," ओर्सा म्हणाली. "बाबांनी पूड चिमूटभरच टाकली. बाकीची या टोपलीत मिसळलेल्या जांभळ्या काचेतून आली."

"टोपली भरली कुणी?" बियाजिओंनी विचारलं.

मालक टोपलीपाशी वाकले. "मीच," ते अखेर म्हणाले. "दोन टोपल्यांची एक केली. सुट्टीची घाई होती. वरवर बघितलं, साफ वाटलं."

"चाळीस वर्षं काच बघतोय मी," बियाजिओ म्हणाले. "ढीग बघायचं मलाही सुचलं नसतं, पोरी. व्हेत्तोर, भट्टी पेटली की आपल्या जागेवर उभा राहा."

बाबा पुढे आले. त्यांनी ओर्साचं रक्ताळलेलं बोट आपल्या सदऱ्यात गुंडाळलं.

"सुट्टीत भट्टीकडे फिरकायचं नाही, असं बजावलं होतं ना मी?" ते कसेबसे म्हणाले.

"हो बाबा."

"चला, भूक लागलीय मला."