दुसऱ्या गाण्यातली शांतता

"संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी मी माझ्या भावाला बँडमधून काढणार आहे," गायिका म्हणाली. "दगा त्यानेच दिला का, तेवढं नक्की करून द्या."

वहिनींनी चष्मा पुसला. शेजारी बसलेल्या भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या दिरांनी, समजल्यासारखी मान डोलावली. बुटांच्या दुकानातून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींच्या प्रत्येक तपासात लुडबूड करत, आणि वहिनी ती चालवून घेत.

या अल्टरनेटिव्ह रॉक बँडचा पहिला अल्बम तुफान गाजला होता. दुसरा आज संध्याकाळी यायचा होता, आणि सकाळीच एका वर्तमानपत्राच्या साइटवर टोपणनावाने त्याची चिरफाड झाली होती. अल्बम अजून स्टुडिओबाहेर गेलाच नव्हता. म्हणजे लिहिणारं माणूस घरातलंच.

गायिकेने परीक्षण वाचून दाखवलं. "'दुसरं गाणं सुरू होतं ते नुसत्या शांततेने. बेस गिटार अख्ख्या अल्बमात शोधून सापडत नाही. लाज राखली ती एकट्या ड्रमवाल्याने.' ड्रमवाला माझा धाकटा भाऊ. महिनाभर आमच्यात अबोला आहे. स्वतःच स्वतःची पाठ थोपटलीय त्याने."

ड्रमवाला स्टुडिओच्या जिन्यावर बसला होता. "बोलायचं असतं तर ताईच्या तोंडावर बोललो असतो," तो म्हणाला. "आणि दुसरं गाणं तर माझं सगळ्यात आवडतं. सुरुवातीला मी वाजवत नाही, नुसता ऐकतो."

"बिनकामाचा पगार," भाऊजी पुटपुटले.

रेकॉर्डिस्टने रेकॉर्डिंगच्या खोलीच्या जाड दाराकडे बोट दाखवलं. "आत फक्त वाजवणारे. दुसऱ्या कुणाला मी पाऊल टाकू देत नाही. तिघांनी माझ्याबरोबर आत बसून अख्खा अल्बम ऐकलाय. शिवाय प्रत्येक गाणं मी चहाच्या खोलीतल्या डबड्यावर लावून बघतो. लोक घरी असल्याच खोक्यांवर ऐकतात ना."

डबडं म्हणजे स्पीकरसारखा जोडलेला, तळहाताएवढा जुना रेडिओ. त्याच्याखालीच बँडच्या मॅनेजरचं टेबल होतं. मॅनेजर बेसवाल्याची थोरली बहीण. तिने चहा पुढे केला.

"माझा कसला संबंध? मी फोन घेते, हॉल ठरवते. भावाने बोटं सोलवटून घेतली, त्याचं कुणाला काय. तोही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला."

बेसवाला खरंच एवढंच म्हणाला, "मनासारखं झालंय."

वहिनी विचार करत असताना भाऊजींनी गायिकेने तपासासाठी नुकतंच पाठवलेलं दुसरं गाणं फोनवर लावलं, कानाशी धरलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "वहिनी, परीक्षण खरंच आहे हो. सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही."

वहिनी हसल्या. "भाऊजी, आज तुम्ही कामाला आलात. सगळ्यांना आत बोलवा."

मॅनेजर उंबऱ्यावर अडली. वहिनींनी तिला हाताला धरून मधल्या खुर्चीवर बसवलं आणि रेकॉर्डिस्टला खूण केली. दुसरं गाणं सुरू झालं.

शांतता कुठेच नव्हती. एकटी बेस गिटार वाजत होती, इतकी खोल, की भाऊजींना ती चपलेतून वर चढल्यासारखी वाटली. बाकी सगळी वाद्यं तिच्यासाठी थांबली होती. मॅनेजरचा चेहरा पडला.

"छोट्या स्पीकरमधून बेसचे खालचे सूर निघतच नाहीत," वहिनी म्हणाल्या. "भाऊजींच्या फोनवर तेच झालं. ड्रमची टणटण मात्र स्वच्छ येते, म्हणून परीक्षणात ड्रमवाल्याचं कौतुक. या खोलीत बसून अल्बम ऐकलेल्या चौघांनी दुसऱ्या गाण्याला शांत म्हणणं शक्य नाही. ड्रमवाला तर ते कानांत प्राण आणून ऐकतो. लिहिणाऱ्याने अल्बम फक्त डबड्यावर ऐकला होता. डबड्याखाली रोज कोण बसतं, ते आपण पाहिलं."

"मला वाटलं, त्याला पुसून टाकलं," मॅनेजर रडत म्हणाली. "पहिल्या अल्बमच्या फोटोत कोपऱ्यात, आणि आता गाण्यातूनही. रागाच्या भरात लिहिलं. मलाच काढा."

बेसवाल्याने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. "अक्का, मला विचारायचं तरी."

गायिका म्हणाली, "आधी अख्खा अल्बम इथे बसून ऐका. मग स्वतःच्या नावाने पुन्हा लिहा. आजच."

मॅनेजरने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

गायिका भावाकडे वळली. "संध्याकाळी दुसऱ्या गाण्याला माझ्या शेजारी उभा राहशील?"

"सुरुवातीला मला कामच नसतं, ताई."

"म्हणून तर म्हणतेय," ती म्हणाली. "दोघं मिळून ऐकू."