रुक्माबाईला दिलेल्या आठवणी

रुक्माबाईला आपला नवरा ओळखू येईना, याला दोन वर्षं होऊन गेली होती. बाकी प्रकृती ठणठणीत. सकाळी चहा ठेवायची, भाकरी टम्म फुगवायची, आणि भीमराज जेवायला बसला की पदर सावरून म्हणायची, "घ्या पाव्हणं, लाजू नका." सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर तीस वर्षं पाणी सोडण्याची नोकरी केलेला माणूस आपल्याच घरात पाहुणा होऊन जेवायचा. कधी हसू यायचं, बहुतेक वेळा घास गिळवत नसे.

दोन हजार चार साली हिंगोलीत एका डॉक्टरनं नवं यंत्र आणलं. एकाच्या आठवणी दुसऱ्याच्या डोक्यात उतरवायच्या. लेक संध्या म्हणाली, नसती भानगड कशाला? पण बुडत्याला काडीचा आधार. चार मंगळवार भीमराज कपाळाला वायरी लावून पडून राहिला, शेजारच्या खाटेवर रुक्माबाई. जन्मभर जपलेलं त्यानं सगळं देऊन टाकलं. शिरड शहापूरचं लग्न. पांढऱ्या साडीतली ती, वंदना चालू असताना भंतेजींना शिंक आली म्हणून ओठ चावून हसू दाबणारी. कालव्याकाठची एका खोलीची बिऱ्हाडं. संध्याला पहिल्यांदा न्हाऊ घालताना तिचे थरथरणारे हात.

आठवड्यानं, चहा पिता पिता, रुक्माबाई बोलायला लागली. शिंक, खोली, न्हाणं, सगळं बराबर. भीमराजचे डोळे भरून आले. आता ती आपलं नाव घेणार, असं त्याला वाटलं.

"लई ग्वाड दिसत व्हती रुक्मा," ती म्हणाली. "पांढरी साडी काय शोभत व्हती तिला."

भीमराजच्या हातातला कप हातातच राहिला. त्यानं दिलेल्या प्रत्येक आठवणीत रुक्मा होती. तो स्वतः एकातही नव्हता. आपलं तोंड आपल्याला कुठं दिसतं? तिच्यासमोर बसलेला म्हातारा अजून पाहुणाच होता.

"मंग आता रुक्मा कुठं हाय?" त्यानं जपून विचारलं.

"गेली की."

ती रुक्माच्या जलदानविधीचं सांगू लागली. पुसेगावची नणंद मिराबाई काठी टेकत आली होती. मोगरा मिळाला नाही, शेवंती वाहिली. संध्याच्या डोक्यावर एक काळा केस उरला नव्हता.

मिराबाई अजून तुरतुर चालत होती. संध्याचे केस काळेभोर होते.

हे भीमराजनं अजून पाहिलं नव्हतं. न पाहिलेलं त्यानं तिला दिलं कुठून?

त्यानं कप खाली ठेवला. पण मरण काय, सगळ्यांनाच आहे. त्याला विचारायचं होतं ते निराळंच. जन्मात पहिल्यांदा त्यानं बायकोला 'तुमी' म्हटलं.

"शेवटाला तरी... वळखलं का तिनं तुमाला?"

रुक्माबाईनं पदरानं डोळे टिपले.

"न्हाई. म्या हात धरून बसलो व्हतो. मला म्हणली, पाव्हणं, तुमी जा आता. तुमची घरची वाट पाहून राहिली असंल."