जाईबाईच्या नावाची मेणबत्ती

"बायको जाऊन तीन महिने झाले," बुधाजी सकपाळ म्हणाले. "पण मेणबत्ती अजून तिच्याच नावाने लागते."

अच्युतचा चहा हातातच राहिला. सुमती धुरंधरने फक्त वही उघडली. खोताच्या वाडीत ती खासगी तपासाची कामं घेई, अच्युत सोबतीला.

बुधाजींनी मोबाइल पुढे केला. त्यांच्या लालबागच्या चाळीची वेबसाइट. गेलेल्या प्रत्येकाचं एक पान. बटण दाबलं की मेणबत्ती पेटते, खाली लावणाऱ्याचं नाव येतं.

"हा आमचा मुलगा. घरात हर्षू, बाहेर सगळ्यांना हर्षवर्धन. चार वर्षांपूर्वी अपघातात गेला. जाईला वाचता येत नव्हतं, पण रोज वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर जाऊन लावायची. आता कमिटी म्हणते, तिचं खातं बंद करू. मग तिने लावलेल्या सगळ्या पुसल्या जातील."

"त्यांचा फोन?"

"कपाटात. बंद."

सुमतीने पानावरची मेणबत्त्यांची यादी चाळली. रोज सकाळी दहा वाजता एक. सोमवारी एकही नाही.

साइट बनवणारा अभय चाळीतच भेटला. "लॉगिन नसेल तर बटण चालत नाही, लॉगिनचं पान येतं. मग फोनवर ओटीपी. हर्षवर्धनदादाच्या पानाशी मी कशाला खेळू?"

"मनात आणलंस तर?"

"घरी बसून करेन. कधीही."

वाचनालयात माया पुस्तकांना कव्हरं घालत होती. "सोमवारी सुट्टी. एरवी दहाला मीच उघडते. हर्षूच्या पानाचं मला काय माहीत? माझं खातंच नाही."

"चला, ही सुटली," अच्युत पुटपुटला.

"उलट, सापडली." सुमतीने बुधाजींना आत बोलावलं. "फोन बंद, म्हणजे नवं लॉगिन झालंच नाही. जाईबाई लॉगआउट न करता गेल्या आणि या कॉम्प्युटरवर त्यांचं खातं उघडंच राहिलं. अभयला सोमवारची अडचण नव्हती. ज्याला वाचनालय उघडावं लागतं, त्यालाच होती. आणि माया, 'हर्षू' फक्त घरात म्हणत."

मायाच्या हातातलं कव्हर फाटलं.

"आमचं ठरलं होतं. तुम्हाला सांगायच्या आधीच तो गेला. आईंना कळलं होतं. माझ्या नावाने लावली असती तर चाळीने विचारलं असतं, ही त्याची कोण? लॉगआउट करते, काका."

"थांब." बुधाजी खुर्चीत बसले. "जाईच्या नावाची शेवटची मी लावतो."

एका बोटाने त्यांनी बटण दाबलं. मग स्वतःच लॉगआउट केलं.

"कमिटीला सांगतो, तिचं खातं राहू दे. आता त्याला कोणी हात लावणार नाही. तू तुझा नंबर घालून स्वतःचं खातं उघड."

"कोणी विचारलं तर?"

"माझ्याकडे पाठव."

मायाच्या फोनवर ओटीपी आला. तिला आकडे दिसेनात. बुधाजींनी चष्मा लावला आणि एकेक आकडा तिला वाचून दाखवला.